पटाच्या वाटेवरची भेग

आमच्या ह्यांना शंकरपटाचा भारी नाद. हलक्या छकड्याला दोन बैल जुंपायचे, एकट्यानं वर बसायचं नि वाऱ्यासारखं पळवायचं. विशीत दोनदा पडले, दोन्ही वेळा धूळ झटकून परत बसले. चाळिशी उलटली तशी नवीनच रीत धरली. पटाच्या आदल्या दिवशी टोपलं नि कुदळ घेऊन धावेची सगळी वाट चालायची. आपली काळी जमीन माघात तडकते, हात जाईल एवढी भेग पडते. माती ठोकून ठोकून एकेक भेग बुजवायचे.

मला बाई लाज वाटायची. दिवस कापसाच्या तेजीचे. सातासमुद्रापार कुठं लढाई लागली, तिथला कापूस अडला, नि आमच्या वऱ्हाडात बैलांच्या शिंगांना चांदी चढली. आणि आमचे हे ढेकळं फोडत फिरणार!

त्या वर्षी तर हे भेगा बुजवत असताना वाटेच्या कडेला शेजारीण सगळ्या बायांसमोर म्हणाली, "काय वं, तुह्या घरचे पट खेळून राहिले का पेरनी करून राहिले?"

बाया हसल्या. मग माझीही जीभ सुटली. "अजी, बाळंतिणीवानी जपून पाय काहून टाकून राहिले? भेव वाटते त घरी बसून सरकी निवडा!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. टोपलं खाली ठेवलं. अर्धी वाट बाकी होती.

"राहू दे मंग," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्याच अर्ध्या वाटेत चाक भेगेत गेलं. छकडा उलटला, एक बैल तोंडघशी पडला. लोक धावले ते बैलाकडे. त्या तेजीत तसा बैल अकोल्यापर्यंत हुडकूनही मिळाला नसता. खोटं कशाला सांगू, मीही बैलाकडेच धावले. त्याचा पाय दोन्ही हातांनी चाचपला, मग मागं वळले. हे मातीत पडून माझ्याकडेच पाहत होते. नडगीचं हाड कातडं फाडून बाहेर आलं होतं.

"बैल साबूत हाये ना?" त्यांनी विचारलं.

"हाव," मी म्हटलं.

अचलपूरहून हाड बसवणारा आणला. पाय राहिला, पण वाकडा, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीसारखा. वर्षभर खाटेवरून 'पाणी' नि 'भाकर' याशिवाय माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

पुढल्या माघात थोरला लेक हटून बसला, छकड्यावर मीच बसणार. मी पाया पडले, ऐकेना. मग आदल्या दिवशी टोपलं घेतलं नि वाटेवर उतरले. वाकून वाकून भेगा बुजवू लागले. कडेला बैलगाडीत ह्यांना बसवलं होतं, भोवती त्याच बाया.

"अवो," हे मोठ्यानं म्हणाले, "बाळंतिणीवानी जपून पाय काहून टाकून राहिली? घरी बसून सरकी निवड!"

बाया खदाखदा हसल्या. हेही हसले, वर्षात पहिल्यांदा, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मी मान वर केली नाही. पुढची भेग अजून बुजायची होती.