मलावीतली सेवा आणि मणक्याचा टीबी

"स्पायनल टीबी," दौंडच्या डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून सांगितलं. "म्हणजे पाठीच्या मणक्याचा क्षयरोग. दोन मणके किडलेत, मध्ये पू साचलाय आणि तो मज्जारज्जूवर दाबतोय. म्हणून पाय उचलत नाहीत. आजच पुण्याला न्या."

मी स्ट्रेचरवर पडले होते. थोरली बहीण, आमची ताई, डोक्याशी उभी होती. दाजी दौंडला रेल्वेत आहेत, तिथल्या डॉक्टरांशी त्यांची ओळख, म्हणून शिरूरहून मला आधी तिच्याकडे आणलं होतं. टीबी म्हणजे खोकला, एवढंच मला माहीत. मला तर खोकला नव्हताच. मी डॉक्टरांना विचारलं, परत कधी जाता येईल? त्यांना वाटलं, मी शिरूरचं विचारतेय. मी मलावीचं विचारत होते.

मलावी हा आफ्रिकेतला लहानसा देश. तिथल्या एका गावात बालवाडी चालवायला आणि बायांमध्ये सेवा करायला एका संस्थेनं मला पाठवलं होतं. शिरूरच्या जुन्या मिशन कंपाउंडात वाढलेली मी. परदेशातून आलेल्या मिशनरी बायांच्या कबरींभोवती आम्ही लहानपणी लपाछपी खेळलो. त्या बाया घरदार सोडून इथं आल्या आणि इथंच मेल्या, याचं मला फार मोठेपण वाटायचं. मरण्याआधी त्यांना किती दुखलं असेल, हे कधी मनात आलं नव्हतं.

तिथला दिवस पहाटे हापशावर सुरू व्हायचा. बाया डोक्यावर भरलेली बादली घेऊन हात न लावता चालायच्या. माझी अर्धी बादली अंगावर सांडायची. मग बालवाडी. लाल मातीत बसलेली पोरं, एक फळा, आणि माझी मोडकी चिचेवा भाषा. दुपारी मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा, त्याला न्सिमा म्हणतात, आणि भोपळ्याच्या पाल्याची भाजी. त्यानंतर घरोघर जायचं. कुणाचं बाळ आजारी, कुणाचा नवरा खाणीत गेलेला तो परत नाही. बायबल वाचायचं, प्रार्थना करायची. माझे उच्चार ऐकून बाया हसायच्या आणि मग रडायला मोकळ्या व्हायच्या. मराठी बोलायला कुणी नव्हतं, म्हणून भांडी घासताना मी स्तोत्रं मोठ्यानं म्हणायचे.

माझ्या शेजारी एस्नात राहायची. माझ्यापेक्षा थोडी मोठी, दोन मुलींची आई. भाषा मला तिनंच शिकवली. तिला फुप्फुसांचा टीबी होता. आरोग्य केंद्रातून गोळ्या मिळायच्या, तोवर ती बरी होत चालली होती. पावसात रस्ता वाहून गेला, गोळ्यांची गाडी आली नाही, आणि तिचा खोकला परत सुरू झाला. मी रोज तिच्या झोपडीत बसायचे. आत एवढासा झरोका. आम्ही प्रार्थना केली, कारण दुसरं काही हातात नव्हतं. रस्ता चालू व्हायच्या आत ती गेली.

त्यानंतर काही महिन्यांनी माझी पाठ दुखू लागली. वाटलं, बादल्यांमुळं असेल. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं. तिथं ताप म्हटला की मलेरिया, म्हणून मलेरियाची तपासणी केली. निघाला नाही. वजन उतरत गेलं. झोपेत कूस बदलली की कळ यायची.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाची पाठ अशी दुखत असेल, विश्रांतीनंही थांबत नसेल, सोबत बारीक ताप आणि वजनात घट असेल, तर मलमं चोळत बसू नका. पाठीचा एक्स-रे काढून घ्या. ही माझी कळकळीची विनंती आहे.

एके दिवशी बालवाडीत नाचाचं गाणं शिकवताना मी कोसळले. पोरांना वाटलं, हाही खेळच. तीही एकेक करून जमिनीवर पडली आणि हसू लागली. माझा डावा पाय हलेना. संस्थेनं धावपळ करून मला व्हीलचेअरवर विमानात बसवलं.

पुण्यात ऑपरेशन झालं. त्याला डीकम्प्रेशन आणि फिक्सेशन म्हणतात. म्हणजे पू काढून मज्जारज्जूवरचा दाब मोकळा करायचा आणि मणक्यांना सळ्या-स्क्रूंनी आधार द्यायचा. पू तपासायला पाठवला. नेहमीच्या औषधांना दाद देणारा टीबी आहे, असं आलं. डॉक्टर म्हणाले, हे तुमचं नशीब समजा. लघवीला नळी लावलेली, शी करायला दुसऱ्याचे हात. नशीब हा शब्द ऐकून मी तोंड फिरवलं.

पप्पांनी विचारलं, हा आजार पोरीनं आफ्रिकेतूनच आणला का?

"सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "जंतू शरीरात वर्षानुवर्षं झोपून राहतात. तिथं लागला असेल, इथं शिरूरलाही लागला असेल. आणि हा तिच्यापासून तुम्हाला लागणार नाही. तिला खोकला नाही, फुप्फुसं स्वच्छ आहेत."

हे पप्पांनी कंपाउंडात प्रत्येकाला सांगितलं. तरी मी घरी आल्यावर शेजारच्या काकू दारातूनच विचारपूस करायच्या आणि नातवाला हाताला धरून ठेवायच्या.

आधी ताईकडे राहिले. तिचं क्वार्टर तळमजल्यावर, पायऱ्या नाहीत. छातीपासून कमरेपर्यंत पट्टा बांधून मी पडून असायचे. मालगाडी गेली की पलंग थरथरायचा आणि ती थरथर उजव्या पायाला कळायची, डाव्याला नाही. कितीतरी दिवस मी गाडीची वाट बघून डाव्या पायाकडे लक्ष लावत असे.

मग शिरूरला आले आणि डोळे पिवळे झाले. ड्रग इन्ड्यूस्ड हेपटायटिस, म्हणजे टीबीच्या औषधांमुळं यकृताला आलेली सूज. अन्न बघितलं तरी उलटी व्हायची. डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या आणि सांगितलं, रक्ताचे रिपोर्ट सुधारले की एकेक करून परत चालू करू, कायमच्या बंद केल्या तर पाय जातील.

त्याच आठवड्यात एक पाहुणे प्रचारक आमच्या घरी प्रार्थनेला आले. डोक्यावर हात ठेवून खूप वेळ प्रार्थना केली. जाताना म्हणाले, गोळ्या थांबल्या ही देवाची खूण आहे, आता त्यांना पुन्हा हात लावू नका, पोरगी विश्वासानं उभी राहील. आईनं ते मनावर घेतलं. गोळ्या परत सुरू करायचा दिवस आला तेव्हा ती माझ्या पलंगाशी येऊन बसली.

"एकच महिना गोळ्यांबिगर काढून बघू," ती म्हणाली. "तू तर सेवेकरीण हायेस. तुझा इश्वास कमी हाय का? ह्या गोळ्यांनी तू डोळ्यांदेखत चाललीस गं."

मला तिचा राग आला नाही. मलाही गोळ्या नकोच होत्या. मी तिला एस्नातचं सांगितलं. तोवर घरात कुणाला सांगितलं नव्हतं. झोपडी, झरोका, पाऊस, सगळं.

"आई, तिचा विश्वास माझ्यापेक्षा मोठा होता," मी म्हटलं. "तिला फक्त गोळ्या मिळाल्या नाहीत."

आईनं तिच्या मुली कुणाकडं असतात, एवढं विचारलं. आजीकडं, मी म्हटलं. ती उठली, पाणी घेऊन आली आणि गोळी गिळेपर्यंत माझ्या मानेखाली हात धरून राहिली.

गोळ्या वर्षाहून जास्त चालल्या. सरकारी दवाखान्यातून मिळायच्या. परत सुरू झाल्यावर एकदाही खाडा झाला नाही, कारण आई होऊ देत नव्हती. उजवा पाय पुरता सुधारला. डाव्याचा पंजा उचलत नाही. त्याला फूट ड्रॉप म्हणतात. डॉक्टर म्हणाले, आता यापेक्षा जास्त सुधारणा धरून चालू नका. मलावीला संस्थेनं माझ्या जागी दुसरी मुलगी पाठवली. ते कळलं त्या दिवशी मी आजारपणात रडले नव्हते इतकी रडले.

उपचार संपल्यावर चर्चच्या पाळकसाहेबांनी मला रविवारी साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढं सांगायला, बोलावलं. मंडळीला चमत्कार ऐकायचा होता. मी काठी टेकत पुढं गेले. देवानं मला वाचवलं, असं मी मानते, आणि तसं म्हटलं. पण हेही म्हटलं, की माझ्याजागी एस्नात का नाही वाचली, हे मला समजलेलं नाही आणि मी समजल्याचं सोंग करणार नाही. पाय बरा झालेला नाही. सर्जन, नर्सबाई, ताई, आई, यांच्यावाचून मी आज इथं नसते. कुणी 'आमेन' म्हटलं नाही. मी जागेवर येऊन बसले.

उपासना सुटल्यावर लोक बाजूनं निघून गेले. मला वाटलं, आपण सगळ्यांना नाराज केलं. इतक्यात निमोण्याहून येणाऱ्या एक मावशी माझ्या बाकाशी थांबल्या. आमची कधी बोलचाल नव्हती. आजूबाजूला कुणी नाही बघून त्या हळूच म्हणाल्या, "माझ्या सुनंची पाठ लई दिस दुखतीया. सांजचं अंग बी तापतंय. आमी अंगारा न्हाई लावत, पर निस्ती प्रार्थनाच करतोय. कोनाला दावावं?"

मी त्यांना बाकावर जागा दिली आणि सुनेचं वजन उतरलंय का, विचारलं. त्यांनी मानेनंच हो म्हटलं.

"उद्या सकाळी तिला स्टँडवर घेऊन या," मी म्हटलं. "दवाखान्यात मी येते बरोबर."