तळव्यावरची तंगूस

योगिनी गिऱ्हाइकाचं तोंड बघायच्या आधी पाय बघते. भाट्याच्या रस्त्यावर तिचं औषधांचं दुकान आहे. दुपारी जेवताना ती शटर अर्धं ओढून घेते, तेव्हा बाहेर थांबलेल्या माणसाचे पायच तेवढे दिसतात. कधीकधी ते धोंडूचे असतात. लाल मातीने माखलेले, उजवा अंगठा काळा पडलेला. ती घास खाली ठेवते, उठून शटर वर करते. बाहेर कुणी नसतं.

धोंडू चिरेखाणीवर होता. उभा जन्म त्याने जांभ्या दगडाचे चिरे उचलले. मधुमेहाच्या गोळ्या योगिनीकडूनच न्यायचा. एकदा त्याने जखमेवरचं मलम मागितलं, तिने दिलं. पुन्हा मागितलं, पुन्हा दिलं. पाय दाखव, असं काही ती म्हणाली नाही. पुढे त्याची बायको सगुणा आली ती पाय कापल्याचं सांगायलाच. त्याच पावसाळ्यात धोंडू गेला. योगिनीला कुणी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटतं.

तेव्हापासून काउंटरच्या आत एक स्टूल आहे. मधुमेहाची गोळी हवी असेल त्याने आधी तिथे बसायचं आणि डोळे मिटायचे. मग योगिनी तंगुशीचा, म्हणजे मासे गरवायच्या नायलॉनच्या दोऱ्याचा तुकडा त्याच्या तळव्याला टेकवते. कळलं तर ‘होय’ म्हणायचं. नाही कळलं तर पाय बधिर होतोय, तडक डॉक्टरकडे जायचं. मासळीवाल्या बायका चिडवतात, “काय गो योगिनी, लागला काय मासा?” ती हसत नाही. दोरा जरासा वाकेल एवढाच दाब द्यायचा, दर वेळी तेवढाच. हात चुकला तर केलेलं काम फुकट.

शिमग्याच्या तोंडावर धोंडूचा धाकटा भाऊ काशीराम दुकानात आला. त्यालाही मधुमेह. एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा. दुसरी कुठे, असं विचारल्यावर त्याने खाली बघितलं.

“मघाशी होती की.”

वाटेत कुठेतरी सुटली होती. त्याला पत्ताच नव्हता.

योगिनीने त्याला बसवलं. तंगूस अंगठ्याला टेकवली, चवड्याला टेकवली, टाचेला टेकवली. काशीराम डोळे मिटून वाट बघत होता. शेवटी कंटाळून म्हणाला, “अगो, कर ना सुरू.”

“सुरूच आहे, काका.”

त्याने डोळे उघडले. तंगूस त्याच्या टाचेला टेकलेली होती.

डॉक्टरकडे तो गेला. मऊ तळाचे बूट आणले, रोज रात्री आरशात तळवे बघू लागला. अडलं ते पालखीपाशी. ग्रामदेवीच्या पालखीला खांदा द्यायचा मान त्यांच्या घराकडे. धोंडू असेपर्यंत तो द्यायचा, आता काशीराम. पालखी भर उन्हात कातळावरून जाते, आणि खांदेकरी अनवाणी. पाय भाजेल, फाटेल आणि तुम्हाला कळणारही नाही, हे योगिनीने परोपरीने सांगितलं.

“देवीच्या पालखीखाली बूट घालू? की जागा मोकळी सोडू? धोंडू काय म्हणेल?”

“धोंडूकाका काय म्हणतात ते मी रोज ऐकते,” योगिनी म्हणाली.

काशीरामने गोळ्या उचलल्या. होय-नाही काहीच न सांगता निघून गेला.

पालखीच्या दिवशी योगिनी दुकान बंद करून गावात गेली. ढोल वाजत होते. धुरळ्यातून पालखी आली तशी तिने खांदेकऱ्यांचे पाय बघितले. पुढचे पाय धोंडूचे होते. तीच फेंगडी चाल, तसाच बाहेर वळलेला अंगठा.

मान वर केली तर तो सर्वेश होता, मुंबईहून आलेला धोंडूचा मुलगा.

काशीराम बाजूने चालत होता, बूट घालून. डोळे लाल होते. “बापाची जागा पोराला दिली,” तो म्हणाला. “आता तरी झालं ना तुझं समाधान?”

बापाला मधुमेह होता, काकाला आहे. सर्वेशने कधी साखर तपासली आहे का, असं तिने विचारलं. काशीरामने पुतण्याच्या पायांकडे बघितलं.

“कशाला तपासतोय. आणि उद्या पहाटेच तो मुंबईला जातोय.”

योगिनीने पर्समधलं तपासणीचं मशीन चाचपलं आणि ती पालखीमागून चालू लागली. पालखी पुढच्या अंगणात टेकेल, तिथे ती त्याला गाठणार होती.