ओढ्याकाठचा चहा

ओढा दिसला की मेदेरबेकची गाडी थांबणार, हे नारीन शहरापासून वरच्या कुरणांपर्यंत पोराटोरांनाही ठाऊक आहे. गाडीच्या पोटाखाली कन्व्हर्टरचा डबा असतो, धुरातलं विष मारणारा. आत चिनीमातीची नाजूक जाळी. घाट चढून डबा तापलेला असताना ओढा ओलांडताना त्यावर बर्फाचं पाणी उडालं की जाळी तडकलीच म्हणून समजा; तो निवेपर्यंत थांबायचं.

बाकीच्यांनी आपापले डबे आतल्या महागड्या धातूपायी कधीच कापून विकले आणि तिथे साधा पाइप जोडला. हा बाबा ऐकेल तर शपथ. त्याला कारण त्याची बायको बुरमाकान. धूर नाकात गेला की तिचा दमा उसळतो. थोरल्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा घरात गाडी नव्हती. होणाऱ्या सुनेच्या कानात डूल घालायला ती भावाच्या पाइपवाल्या गाडीतून निघाली आणि अर्ध्या वाटेवरून तिला परत आणावं लागलं. सासूच्या मानाचे डूल जावेने घातले. ते बुरमाकानला अजून सलतं.

आज धाकट्याची वेळ. रुमालात बांधलेले डूल मुठीत, मुलीकडचे जेवायला खोळंबलेले, आणि मेदेरबेकने ओढ्याकाठी गाडी बंद करून थर्मास काढला.

मागून तिचा भाऊ जेकशेन आला.

"दाजी, गाडीला दुलई पांघरा, सर्दी होईल तिला. ताई, तू चल माझ्याबरोबर. दहा मिनिटांत पोचवतो."

बुरमाकानने दार उघडलंसुद्धा. "अहो, जेवण निवेल तिकडे. काय म्हणतील लोक?"

"मागच्या वेळीही याच्याच गाडीत बसली होतीस," मेदेरबेक म्हणाला.

जेकशेन ओशाळला. "बरं, मी पुढे जाऊन सांगतो, सासूबाई चहा घेतायत म्हणून." तो गेला आणि त्याचा काळा धूर ओढ्यावर रेंगाळत राहिला. बुरमाकानने नाकाला रुमाल लावून दार ओढून घेतलं.

"ओता चहा," ती फणकाऱ्याने म्हणाली.

पोचले तासभर उशिरा. मुलीची आई दारातच म्हणाली, "विहीणबाई, वाटेतले सगळे ओढे पिऊन आलात की काय?" सगळे हसले. बुरमाकानने आपल्या हातांनी डूल घातले. मग तळवे पसरून आशीर्वाद म्हटला, चांगला लांबलचक, एकदाही न खोकता. मेदेरबेकचे डोळे भरून आले. त्याने ते कोणापासून लपवलेही नाहीत.

परतताना स्वारी इतकी खुशीत होती, की ओढा समोर आला तरी गाडी पाण्याकडे निघालीच.

"थांबवा," बुरमाकान म्हणाली. ती उतरली, वाकली आणि डब्याजवळ हात नेऊन झटकन मागे घेतला. "चटकतोय अजून. उद्या नात झाली की तिला आजोळी न्यायला याच वाटेने यायचंय मला. काढा थर्मास."