न खोललेलं इंजिन

बाबांची एकच बढाई होती: गाडीचं इंजिन अजून खोललेलं नाही. कुणी मोटरसायकलवर हात ठेवला की ते सांगणारच, "कंपनीनं देल्लं तसंच हाय. एक नट फिरला नाई." ते हिवताप विभागात होते. गडचिरोलीच्या जंगलातली गावं पालथी घालायची, ताप आलेल्या माणसाचं बोट टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा, त्या काचा दवाखान्यात पोचवायच्या. सगळं याच गाडीवर. निवृत्तीनंतरही रोज सकाळी गाडी काढून कुठेतरी जातात. कुठे, ते विचारायचं नाही.

यंदा गाडी निळसर धूर ओकायला लागली. मिस्त्रीने किक मारली, धूर हुंगला आणि निकाल दिला, "भाऊ, बोअर गेला. खोला लागते, नाईतर भंगारात द्या." बाबा गाडी ढकलत घरी आले आणि दोन दिवस धड जेवले नाहीत. गाडी गेली तर हा माणूस अंगणाबाहेर पडणार नाही, हे मला दिसत होतं.

माझ्याकडे मोबाईलला जोडायचा वायरचा कॅमेरा होता, न्हाणीचा पाइप तुंबला तेव्हा मागवलेला. टोकाला हरभऱ्याएवढा डोळा, भोवती बारके दिवे. प्लग काढला तर त्या भोकातून तो इंजिनात जाईल, असं मला सुचलं. बाबा बिथरले.

"खोलाचं नाई म्हटलं ना तुले?"

"खोलत नाही. फक्त डोकावते."

पिस्टन खाली गेल्याशिवाय बोअरची, म्हणजे तो ज्या नळीत वरखाली होतो तिची, आतली भिंत दिसत नाही. त्यासाठी गाडी गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने फिरवायचं, म्हणजे चाक जमिनीवरून उचललेलं हवं. "बाबा, डबल स्टँडवर घ्या ना," मी म्हटलं. बाबांना एकदम चहा आठवला. मग चष्मा. आत गेले ते येईचनात. वैतागून मीच स्टँडवर पाय दिला आणि गाडी चढवली.

उन्हात मोबाईलवर काही दिसेना, तेव्हा परतलेल्या बाबांनी आपला दुपट्टा आम्हा दोघांच्या डोक्यावरून घेतला. आधी दिसलं पिस्टनचं काळं डोकं, तेलाने ओलं चमकणारं. मी चाक फिरवलं. पिस्टन हळूहळू खाली गेला आणि भिंत उघडी पडली. तिच्यावर बारीक तिरप्या रेघा होत्या, एकमेकींना छेदणाऱ्या, बांबूच्या चटईच्या विणीसारख्या. तेल धरून राहावं म्हणून कारखान्यातच पाडतात त्या, हे मी वाचलं होतं. बोअर झिजला की आधी त्याच पुसल्या जातात. इथे तर सगळ्या जागच्या जागी. मिनिटाला हजारो फेऱ्या मारणारा पिस्टन, वर्षानुवर्षांचे नाले आणि चिखल, आणि या केसाएवढ्या रेघा शाबूत. 

बाबांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. मग हळूच म्हणाले, "एवढ्या काचा नेल्या जन्मभर. आत काय असते, ते लॅबवाल्यानंच पाह्यलं. मले कोणी दाखवलंच नाई."

बोअर चांगला होता, मग पिस्टनवर जळून निळा धूर करणारं हे तेल आलं कुठून? गाडी सरळ उभी होतीच, म्हणून मी ऑइल मोजायची पट्टी काढली. तेल वरच्या खुणेच्याही कितीतरी वर.

"ऑइल कोण टाकतं?"

"मीच. दर पंधरवड्याले पट्टी पाहतो. कमीच दाखवते, मंग टाकतो."

"गाडी साइड स्टँडवर ठेवून?"

बाबा टाकी पुसायला लागले. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते, तेल तिकडे जातं आणि उजवीकडची पट्टी कोरडी राहते. गाडी सरळ उभी करून मोजायचं, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

"डबल स्टँडवर नाई लागत आता मायाच्यानं," ते गाडीकडे बघत म्हणाले. "गुडघे नाई म्हणतात. उन्हाळ्यापासून."

मिस्त्रीचा मला राग आला होता, तो आता माझ्याकडेच वळला. एका घरात राहून मला हे दिसलं नव्हतं.

जास्तीचं तेल हवेच्या वाटेने आत शिरून जळत होतं; ते काढलं, तेलाने माखलेला हवेचा फिल्टर बदलला. धूर लगेच गेला नाही, पण रोज विरत गेला. बाबा पुन्हा सकाळी बाहेर पडायला लागले. पंधरा दिवसांनी मी शाळेत शिकवायला निघाले होते, तेवढ्यात अंगणातून हाक आली. हातात फडकं घेऊन बाबा गाडीजवळ उभे होते.

"बाई, गाडी डबल स्टँडवर लावून दे जरा. पट्टी पाहाची हाय."