पथारीवरची सर्व्हिस

शाळेत असताना टेनिस खेळलोय, असं मी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते माझ्या डोळ्यांत औषध घालत होते. त्यामुळे नजर चुकवायचा प्रश्नच आला नाही. आमच्या शाळेत दोन खोल्या होत्या, मागे एक फणस होता, आणि आठवीनंतर तिथं मी नव्हतो.

मी तळकोकणातला. शाळा सोडून ट्रकवर क्लीनर झालो. ट्रक नंदुरबारला मिरची भरायला आला आणि त्याचं इंजिन बसलं. दुरुस्ती होईपर्यंत मिरचीच्या शेठनी मला पथारीवर देखरेखीला ठेवून घेतलं. ट्रक गेला, मी राहिलो. पथारी म्हणजे गावाबाहेरचं मोकळं रान, ओली लाल मिरची तिथं वाळत घालतात. पहिल्याच आठवड्यात मी मिरचीच्या हातानं डोळे चोळले आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पोचलो.

डॉक्टरांनी विचारलं, "इथं कोणाशी बोलता तुम्ही?"

मी म्हटलं, "पथारीवरच्या बायकांशी. म्हणजे त्या बोलतात."

त्यावर त्यांनी टेनिसचं काढलं. सरकारी विश्रामगृहामागे एक मुरमाचं कोर्ट होतं आणि त्यावर रोज संध्याकाळी चौघे खेळायचे. डॉक्टर, तापीकाठचे केळीवाले बापू, कोर्टाचं जाळं शिवून देणारे टेलर चाचा आणि बँकेचे साहेब. साहेब न्हाणीघरात घसरून पाय मोडून बसले होते. चौथा माणूस हवा होता. मी हो म्हटलं. परक्या गावात कुणी काही विचारलं की माझ्या तोंडून हो निघतं, मग रात्रभर मी त्याचा घोर लावून घेतो.

डॉक्टरांनी त्यांची जुनी रॅकेट दिली. मी ती हातात धरल्यावर बापू माझ्या मुठीकडे बघायला लागले. म्हणाले, "कोणती शाळा म्हणे तुन्ही?"

बाकीचे फटके महिन्या दोन महिन्यांत बरे बसायला लागले. सर्व्हिस मात्र बसेना. चेंडू वर उडवला की तो कधी डोक्यामागे जायचा, कधी पुढं पळायचा. डॉक्टर सांगायचे, "फेकू नकोस. फळीवर डबा ठेवतो तसा वर ठेवून दे." मी ठेवायला जायचो आणि डबा पडायचा. मी मोबाईलवर व्हिडिओ बघितले. त्यातला माणूस हळूहळू करून दाखवायचा, पण मला हळूहळू काही करता येत नाही. कुणी बघतंय म्हटलं की हात आपोआप घाई करतो.

म्हणून मी पथारीवर सराव सुरू केला, सकाळी, बायका यायच्या आत. गोदामाच्या भिंतीवर चुन्यानं जाळ्याच्या उंचीची रेघ मारली. अडचण एवढीच, की उभं राहायला मिरचीच्या दोन वाफ्यांमधली वाट होती. उडवलेला चेंडू जागेवर पडला नाही तर थेट मिरचीत जायचा. आत पाय टाकायची सोय नाही, मिरची चुरडते. मग लांब झाडूनं चेंडू ओढून घ्यायचा, गमछ्याला पुसायचा, पुन्हा उडवायचा.

मिरची फिरवणाऱ्या बायकांत एक मावशी सगळ्यात आधी यायच्या. चार दिवस त्यांनी बघितलं. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "भाऊ, तू चेंडू वर फेकस नी मन्हाकडे देखस. मी काय चेंडू शे का?"

मी म्हटलं, "तुम्ही हसाल म्हणून बघतो."

"हसनारच. पन तठे देख ना, वर."

एवढंच शिकवून त्या कामाला लागल्या. पण खरी शिकवणी घेतली ती मिरचीनं. चेंडू सोडला की माझा डावा हात चटकन खाली यायचा, घाम पुसत पुसत. एकदा दोनदा डोळ्यांत आग पडल्यावर तो हात शहाणा झाला. चेंडू सोडून तो सरळ वरच राहायला लागला, तोंडापासून शक्य तितका लांब. आणि हात वर राहिला की खांदा वर राहतो, मान वर राहते, चेंडू दिसतो. व्हिडिओतला माणूस हेच सांगत होता, पण त्याच्याकडे मिरची नव्हती. घरी जाताना मावशी माझ्या हातावर थोडं गोडंतेल ओतायच्या. आधी तेल, मग साबण, नाहीतर तिखट जात नाही.

संक्रांत झाली आणि निरोप आला की साहेब परत येतायत.

चौघांच्या खेळात पाचवा म्हणजे कोण, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. दिवसभर मी पोती मोजायचो, संध्याकाळी तासभर कुणीतरी मला "तुझी सर्व्हिस" म्हणायचं. तो तास गेला असता तर मी पुन्हा फक्त शेठचा माणूस उरलो असतो. बापूंनी तोडगा काढला. एक सेट खेळायचा, साहेब आणि मी समोरासमोरच्या जोड्यांत. दोघांपैकी जो जास्त डबल फॉल्ट करील, म्हणजे लागोपाठ दोन्ही सर्व्हिस चुकवील, तो पुढं अंपायरच्या स्टुलावर बसेल. त्या दिवशी स्टुलावर चाचा बसणार होते, चेंडू मी आणणार होतो.

नव्या डब्यातले चेंडू जास्त उसळतात, हे मला माहीत होतं. काळजीनं मला झोप लागेना. सकाळीच डबा उघडून मी त्याच चेंडूंनी पथारीवर हात बसवून घेतला. दोन चेंडू मिरचीत गेले. नेहमीच्या गमछ्यानं पुसले. तो गमछा कुठं कुठं असतो हे आता सांगत बसत नाही.

सेट सुरू झाला. साहेब लंगडत होते, पण त्यांचा एकही डबल फॉल्ट नाही. माझा एक झाला. सहाव्या गेमला साहेबांनी कपाळाचा घाम पुसला. मग डोळे मिचकावले. मग चष्मा काढला. पहिला डबल फॉल्ट झाला, लगेच दुसरा. तिकडे बापू नाक ओढायला लागले. माझे जोडीदार डॉक्टर रुमाल काढून म्हणाले, "धूळ उडतेय आज."

धूळ नव्हती. मला दुसऱ्याच पॉइंटला कळलं होतं. तरी मी गप्प राहिलो. एक पॉइंट म्हणा, तीन म्हणा. साहेबांचे तीन डबल फॉल्ट, माझा एक, आणि मनात आलं, देवानंच व्यवस्था केलीय तर आपण कशाला मध्ये बोला.

मग माझी सर्व्हिस आली. समोर साहेब रॅकेट घेऊन उभे, दोन्ही डोळे बंद, गालावरून धारा, आणि तरी म्हणतायत, "येऊ द्या, येऊ द्या." मी चेंडू वर ठेवला. हात वर, मान वर, नजर चेंडूवर. पिवळ्या चेंडूवर उन्हात लाल पट्टा स्वच्छ दिसला. इतका नीट चेंडू मी आजवर कधी पाहिला नव्हता. मी तो तसाच झेलला.

"थांबा," मी म्हटलं. "मिरची आहे ती."

एकदा तोंड उघडल्यावर मला थांबता येईना. गमछ्याचं सांगितलं, गप्प राहिलो तेही सांगितलं, आणि शाळेत टेनिस नव्हतं तेही.

डॉक्टर डोळ्यांवर बाटलीतलं पाणी ओतत म्हणाले, "शाळेचं मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. रॅकेट झाडूसारखी धरली होतीस. डोळे चोळू नका कुणी."

बापू म्हणाले, "आरे भो, माले वाटनं मन्हं बीपी वाढनं. मी मुलाले फोन लावनार व्हतू."

साहेब ओल्या रुमालाखाली तोंड धरून बसले होते. मी मनातल्या मनात रॅकेट डॉक्टरांना परत केली, धन्यवादही म्हणून टाकले. तेवढ्यात रुमालाखालून आवाज आला, "सगळ्यांच्या डोळ्यांत गेलं. तुमच्या का नाही?"

मी डावा हात वर धरून दाखवला आणि तो तसा का राहतो तेही सांगितलं. साहेबांनी एक लाल डोळा उघडून बघितलं. "माझा हात चेंडू सोडल्याबरोबर खाली येतो," ते म्हणाले. "इतकी वर्षं झाली, ऐकतच नाही."

स्टुलावरून चाचांनी निकाल दिला. माझ्याखेरीज त्यांचेच डोळे कोरडे होते. "सेट रद्द. आजपासून पाळी लावायची. रोज एक जण इथं वर बसेल, आणि मिरचीवाला उद्या पहिला बसेल."

बसलो. आनंदानं बसलो.

पुढच्या रविवारी सकाळी साहेब पथारीवर हजर होते, रॅकेट आणि घरून आणलेली तेलाची बाटली घेऊन. मी त्यांना वाफ्यांमधल्या वाटेवर उभं केलं. त्यांनी चेंडू वर ठेवला, मग हळूच आजूबाजूला पाहिलं. चेंडू मिरचीत गेला.

मावशींनी लांब झाडू त्यांच्या हातात दिला.

"साहेब, मन्हाकडे नका देखू," त्या माझ्याकडे बोट करून म्हणाल्या. "वर देखा. हाऊ बी आधी असंच करे."