डोक्यावर चढलेला र

ऑफिसातल्या माझ्या कॉम्प्युटरवर मला घड्याळसुद्धा बदलता येत नाही. काही करायला गेलं की तो अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतो, आणि अ‍ॅडमिन बसतो बेंगळुरूला. माउस हलवायला अजून कुणाची परवानगी लागत नाही, एवढे उपकार आहेत.

मी मूळची डिझाइनवाली. हुबळीच्या बाजारात एका छापखान्यात मराठी आणि कन्नड लग्नपत्रिका करायची. छापखाना बंद पडला, घरचा जुना कॉम्प्युटरही गेला, आणि मी एका खासगी कंपनीत लोकांचे अर्ज कॉम्प्युटरवर भरायच्या नोकरीला लागले. सवय मात्र जाईना. छापखान्यातल्या जुन्या सहकाऱ्यानं मला पेनड्राइव्हवरून चालणारं डिझाइनचं सॉफ्टवेअर दिलं. ते इन्स्टॉल करावं लागत नाही. पेनड्राइव्ह खोचला की उघडतं, फॉन्टसुद्धा स्वतःचेच वापरतं. आपला शिधा आपणच बांधून आणणाऱ्या पाहुण्यासारखं. जेवणाच्या सुट्टीत डबा अर्धा खाऊन मी ते उघडायची.

चोरून नव्हे. मॅनेजरनी पाहिलं तेव्हा रागावायचं सोडून कन्नड राज्योत्सवाचं पोस्टर करून मागितलं. मग कुणाचा वाढदिवस, कुणाची वास्तुशांत. "अक्का, नमदू ऒंदु माडि," आमचंही एक करा म्हणत सगळे यायचे. हे चालतं कसं, असं कुणीच विचारलं नाही.

अप्पा, म्हणजे माझे वडील, आचारी. कलघटगीपासून धारवाडपर्यंत आमच्या मराठी घरांतल्या लग्नांचा स्वयंपाक त्यांच्या हातचा. आता गुडघ्यांनी साथ सोडली, म्हणून मराठी मंडळानं उणकलच्या हॉलमध्ये त्यांचा सत्कार ठरवला. फ्लेक्स करायचं माझ्याकडे आलं.

"नाव बारीक घाल," अप्पा म्हणाले. "आचारी मोठं घाल."

"असं का ओ अप्पा?"

"नावानं कोण वळखतंय मला? हाक आली ती आचारी म्हणूनच आली की."

जन्मात कधी काही मागितलं नाही त्यांनी. हा एक शब्द मागितला. मी मोठ्या अक्षरांत घेतलं, 'आमच्या आचाऱ्यांचा सत्कार'. त्यातल्या अर्ध्या र वर माझं सगळं लक्ष. मराठीत स्वयंपाक करतो तो आचारी, शिकवतो तो आचार्य. 'आचाऱ्यांचा' लिहिताना र बिचारा य ला बिलगून आडवा पडतो. तोच डोक्यावर चढला की 'आचार्यांचा' होतं, आणि माणूसच बदलतो.

छापायला देण्याआधी अक्षरं कर्व्ह करायची, ही छापखान्यातली पहिली शिकवण. कर्व्ह केलं की अक्षराचं चित्र होतं, मग ते कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडा, बदलत नाही. सत्काराच्या आदल्या दिवशी दुपारी तेवढंच राहिलं होतं.

पडद्यावर लाल चौकट आली. बेंगळुरूहून नवा अँटिव्हायरस घातला होता म्हणे. त्यानं माझ्या पेनड्राइव्हवरचं सॉफ्टवेअर पुसलं, फॉन्टही पुसले. फक्त फ्लेक्सची फाइल उरली. पाठोपाठ मॅनेजर आले.

"हे कुणाला विचारून चालवत होता?"

"सर, तुमच्या मुलीच्या वाढदिवसाचं पोस्टर याच्यावरच केलं होतं."

"ते मला काय माहीत? लेखी खुलासा द्या."

तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारच्या टेबलांवर सगळ्यांना एकाएकी खूप काम आलं. पण मी खुलासा लिहायला बसले. ही नोकरी गेली तर या वयात दुसरी कोण देणार, याची मला भीती वाटली. खरंच वाटली.

खुलासा देऊन फ्लेक्सवाल्याकडे पोचले तोवर तो शटर ओढायच्या बेतात होता. त्यानं फाइल उघडली. "फॉन्ट इल्ल अक्का. ब्यारे हाकली?" फॉन्ट नाही, दुसरा घालू का, म्हणाला. मी घाला म्हटलं, आणि तेवढ्यात मॅनेजरचा फोन आला. खुलाशात त्यांच्या मुलीच्या पोस्टरचा उल्लेख कशाला केला, म्हणून. बाहेर रस्त्यावर उभी राहून, हो सर, काढते सर, करत राहिले. आत आले तर मशीन चालू झालेलं. "सरि ऐति अक्का," तो म्हणाला. सगळं बरोबर आहे. त्याला देवनागरी येत नाही, त्याच्या दृष्टीनं बरोबरच होतं. फ्लेक्स तो सकाळी परस्पर हॉलवर पोचवणार होता.

दुसऱ्या दिवशी अप्पांना हाताला धरून हॉलमध्ये नेलं आणि समोर पाहिलं. 'आमच्या आचार्यांचा सत्कार'. दुसऱ्या फॉन्टनं आडवा र उचलून डोक्यावर चढवला होता. लोक बसलेले होते, समई पेटलेली होती. आता उतरवायचं कसं? अध्यक्षांनी तर तोच धागा पकडला. पाककलेचे आचार्य, असं दहादा म्हणाले. शेजारच्या काकूंनी माझा हात दाबला. "छान शब्द काढलीस गं. मान वाढवलीस अप्पांचा."

अप्पा मान वर करून वाचत होते. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. शाल घातली तेव्हाही नजर तिकडेच होती. मग त्यांच्या हातात माइक दिला.

"मी आचारी," अप्पा म्हणाले. "आचारीच आहे मी."

केवढ्या टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, काय हा विनय. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

अप्पा खाली आले, माझ्याशेजारी बसले, हातातला नारळ माझ्या मांडीवर ठेवला.

"ते कुणा दुसऱ्याचं आलंय गं," हळूच म्हणाले. "आपलं कुठं राहिलं?"

"ऑफिसात," मी म्हटलं.