बायकोच्या प्रेशरचं यंत्र

हसा, पण आधी चहाचा कप खाली ठेवा. मी जे करून बसलो, ते आमच्या येळ्ळुरात अजून कुणी केलेलं न्हाय!

वैशालीला, म्हणजे माझ्या बायकोला, सातवा लागलता. मागच्या खेपेला प्रेशर वाढून आमचं बाळ गेलं. त्यामुळं घरात सगळ्यांच्या जिवाला घोर. डॉक्टरबाई म्हणाल्या, "रोज बेळगावला हेलपाटे नकोत. हे यंत्र न्या. घरीच दंडाला पट्टा बांधायचा. आकडा तुमच्या मोबाईलवरून आपोआप आमच्याकडं येतोय."

किती सोपं! पण सोप्या गोष्टीची वाट लावायला माझ्यासारखाच माणूस लागतो.

वैशालीनं बजावलं, "सकाळी आशाताई येऊन दाखवणार हाईत. तवर हात लावू नका." आणि मोबाईल चार्जिंगला लावून ती शेजारच्या आक्कांकडं चकल्या करायला गेली.

आता तुम्हीच सांगा, फौंड्रीत मशीन चालवणारा माणूस मी! एवढ्याशा यंत्रासाठी आशाताईची वाट बघू व्हय? बांधला पट्टा. माझ्याच दंडाला!

यंत्र घुरघुरलं आणि मोबाईलमधली बाई कानडीत बोलली, "दयविट्टु इन्नोम्मे प्रयत्निसि." म्हणजे, कृपया पुन्हा प्रयत्न करा. केला. पुन्हा तेच! पट्टा सोडला, आवळला, हात वर केला, खाली केला. बाई आपली शांतपणे, "इन्नोम्मे…"

"अगं बाई, किती इन्नोम्मे?" मी बोंबललो. कपाळाची शीर ताडताड उडायला लागली. शेवटी एकदाचा हिरवा दिवा लागला. आकडा गेला!

तेवढ्यात मोबाईल वाजला. अनोळखी नंबर. कार्ड विकणारे असतील म्हणून कापला. परत वाजला, परत कापला. शेवटी वैतागून मोबाईलच बंद करून टाकला.

थोड्या वेळानं दारात अँब्युलन्स! सायरनसकट! नर्सबाई उतरल्या, मागं धापा टाकत आशाताई, आणि त्यांच्या मागं अख्खी गल्ली.

"पेशंट कुठाय? प्रेशर लई वाढलंय! आणि फोन का कापताय ओ तुम्ही?"

आईनं तिथंच हंबरडा फोडला, "मारुती, माझ्या सुनंला काय झालं रं?"

तो आवाज ऐकून वैशाली पिठाच्या हातानं धावत आली. तिला धरून बसवलं, दुसऱ्या यंत्रानं प्रेशर बघितलं. आई देवाचं नाव घेत होती.

"ह्यांचं तर नॉर्मल हाय!" नर्सबाई चक्रावल्या. "मग मघाचं कुणाचं?"

कुणी काही बोलायच्या आधी आशाताईंनी माझ्या दंडाकडं बोट दाखवलं. पट्टा तसाच!

वैशालीनं नुसतं पोटावर हात ठेवून माझ्याकडं बघितलं. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

नर्सबाईंनी माझं प्रेशर पुन्हा मोजलं आणि म्हणाल्या, "झोपा स्ट्रेचरवर."

"कोण, मी?"

"मग काय मी? एवढं प्रेशर घेऊन फिरताय कसं ओ?"

सगळ्या गल्लीदेखत मला गाडीत घातलं. गाडी बाळंतिणींची, त्यामुळं नेलं थेट बाळंतिणींच्या वॉर्डात. तिथल्या सिस्टरनं कागदातून मान वर न करता विचारलं, "कळा येतायत?"

"न्हाय," मी म्हणालो, "वैताग येतोय!"

पुढं दिवस भरले. वैशालीला मुलगी झाली, दोघी ठणठणीत. वैशालीचं प्रेशर शेवटपर्यंत जागचं हललं न्हाय. वैशाली सुखरूप सुटली बघा. मीच अडकलोय. रोज सकाळी गोळी, तीपण जन्मभर!